पोर्क खाल्लं एकानं, फिट आली दुसऱ्याला

रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी ओपीडीतून जाता जाता विचारलं, "साहेब, पोरानं पुण्याहून बार्बेक्यूची शेगडी आणलीय. डुकराच्या मांसाचे जाड काप कोळशावर भाजून खायचे म्हणतो. चालतं का?" भोकरदनमध्ये हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. चालतं, असं सांगितलं. पण ते उत्तर अर्धंच होतं, म्हणून इथं लिहितो.

वांगं किंवा कणीस निखाऱ्यावर भाजायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्टेकचं तसं नाही. दीड-दोन बोटं जाडीचा काप जाळावर टाकला की चरबी ठिबकते, भडका उडतो आणि पाच मिनिटांत तो वरून काळा पडतो. आत, हाडाजवळ, मात्र कच्चाच राहतो. रश्शात तासभर शिजणाऱ्या मांसात ही भीती फारशी नसते.

डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, विशेषतः उकिरड्यावर आणि उघड्यावरच्या शौचाच्या जागी फिरणाऱ्या डुकरांच्या. मांसात तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या पांढुरक्या, पाणीदार गाठी दिसल्या तर ते घेऊच नका. दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असंही नाही. जिवंत अळी पोटात गेली की साधारण दोन महिन्यांत आतड्यात कृमी वाढतो, दोन ते सात मीटर लांब. खाणाऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही.

पुढचं लोकांना पटत नाही. मेंदूतल्या गाठी ते मांस खाऊन थेट होत नाहीत. कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि साबण न लावलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. कधी त्याच्या स्वतःच्याही. त्यातून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. "आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग हे कुठून आलं?" असं सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात धरून विचारणारे आईबाप मी पाहिले आहेत. माणसं आणि मोकाट डुकरं शेजारी राहतात अशा अनेक भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये मूळ कारण हा कृमी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फिट आली की कांदा नि चप्पल हुंगवत बसू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दवाखान्यात आणा. जंताच्या गोळ्या मनानं देऊ नका. मेंदूत गाठी असताना काही औषधांनी झटके वाढू शकतात.

आता भाजण्याविषयी. जाळ बसू द्या, कोळशावर पांढरी राख धरू द्या. निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा. त्यांच्यावर काप दोन्हीकडून दोन-तीन मिनिटं धरा, मग निखारे नसलेल्या बाजूला सरकवून झाकण ठेवा आणि सावकाश शिजू द्या. अमेरिकेत २०११ पासून अशा अखंड कापासाठी आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटं विसावा पुरेसा मानतात. तिथलं डुक्कर बंदिस्त फार्ममधलं, तपासलेलं असतं. आपल्याकडे मी ७० म्हणेन. टोचून पाहायचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो. तो नसेल तर हाडाजवळ कापून बघा. गुलाबी दिसलं तर परत शेगडीवर. कच्च्या मांसाची सुरी आणि ताट कांदा-काकडीला वापरू नका.

करपलेला भाग काढून टाका. चरबीच्या धुरातून आणि करपण्यातून कर्करोगाशी जोडली गेलेली रसायनं तयार होतात. लिंबू, आलं-लसूण लावून मुरवलेल्या मांसात त्यातली काही कमी होतात, म्हणजे चवीसाठी आपण जे करतोच ते इथं औषधालाही पडतं.

शेगडी मात्र अंगणात किंवा गच्चीवरच ठेवा. थंडीत उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत नेले जातात आणि दार लावून सगळे झोपतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. जेवणं झाली की निखारे पाणी शिंपडून पुरते विझवा, मगच शेगडी आत घ्या.