ढकलता येतं, ओढता येत नाही!

दोस्तांनो, दिवाळीच्या साफसफाईत कधी जड ट्रंक ढकलली आहे? भिंतीपासून सरकवायची, मागचा केर काढायचा आणि परत लावायची. एवढंच काम! पण जोर जरा जास्त लागतो आणि ट्रंक थेट कोपऱ्यात जाऊन बसते. मागे शिरायला जागा नाही, आणि कडी नेमकी भिंतीकडच्या बाजूला! मग "बाबा, जरा इकडे या ना," अशी हाक मारावी लागते.

आता समजा, हाक मारायला कुणी नाही. वर नियम असा, की ट्रंक फक्त ढकलायची, ओढायची नाही. मग काय कराल?

हीच अडचण घेऊन जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ साली एक व्हिडिओ गेम रचला. 'थिंकिंग रॅबिट', म्हणजे 'विचार करणारा ससा', अशा मजेदार नावाच्या कंपनीनं तो डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आणला. खेळाचं नाव 'सोकोबान'. जपानी भाषेत याचा अर्थ गोदामाचा राखणदार.

या खेळात बंदूक नाही, राक्षस नाही, की पाठीमागे लागणारं घड्याळ नाही. आहे फक्त एक गोदाम, काही खोकी, आणि ती ठेवण्यासाठी खुणा केलेल्या जागा. राखणदारानं सगळी खोकी त्या जागांवर नेली की झालं. नियम दोनच: खोका ढकलता येतो, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच खोका ढकलता येतो.

"हात्तिच्या! एवढंच?" असं म्हणालात ना? मग आत्ताच खेळून पाहा. कॉम्प्युटर नको, मोबाइल नको. चौकटीच्या वहीचं एक पान पुरे!

पानावर पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच घरं असा चौकोन आखा. चारी बाजूंना भिंत आहे असं समजा. ओळी वरून मोजायच्या, घरं डावीकडून. अगदी मधल्या घरात, म्हणजे तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात, एक चिंचोका ठेवा. हा तुमचा खोका. सर्वांत वरच्या ओळीच्या चौथ्या घरात फुली मारा. खोका तिथे न्यायचा आहे. खाली डाव्या कोपऱ्यात शर्टाचं एक बटण ठेवा. हा राखणदार. तो वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक घर चालतो. तिरका चालत नाही. तो खोक्याच्या घरात पाऊल टाकतो, तेव्हा खोका त्याच दिशेनं एक घर पुढे सरकतो. पुढे भिंत असेल, तर मात्र सरकत नाही.

करा सुरुवात! आठ पावलांत हे काम होतं. तुम्हाला किती लागतात?

काही जण घाईघाईनं खोका उजवीकडे दोनदा ढकलतील. तो जाऊन चिकटेल उजव्या भिंतीला. आता त्याला डावीकडे आणायचं, तर राखणदारानं भिंतीत उभं राहायला हवं! म्हणजे डाव तिथेच संपला. पण खरी मेख पुढेच आहे. खोका अजूनही भिंतीलगत वर-खाली सरकतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, खेळ चालू आहे. आपण ढकलत राहतो, घाम गाळतो आणि शेवटी म्हणतो, "शी! इथे अडलं." पण अडलं इथे नसतंच. ते अडलं होतं मघाशी, त्या दुसऱ्या धक्क्याला!

मित्रांनो, सोकोबानची सगळी गंमत यात आहे. चूक होते एकीकडे आणि कळते दुसरीकडे. गणिताचंही असंच होतं की नाही? उत्तर चुकतं शेवटच्या ओळीत, पण हातचा विसरलेला असतो दुसऱ्या ओळीत. शेवटची ओळ कितीही खोडली, तरी उत्तर बरोबर येत नाही. मागे जाऊन ती दुसरी ओळच शोधावी लागते.

यावर एक युक्ती आहे. कोडं उलटं सोडवायचं! खोका फुलीवर पोचला आहे असं समजा. त्याला शेवटचा धक्का कुठून बसला असेल? उजवीकडून? मग राखणदार भिंतीत असायला हवा. वरून? तिथेही भिंत. म्हणजे धक्का खालून तरी बसला किंवा डावीकडून तरी. खालून बसला असेल, तर राखणदार तिसऱ्या ओळीच्या चौथ्या घरात उभा होता. असं एकेक पाऊल मागे जात राहा, वाट आपोआप दिसू लागते.

जमलं? मग जरा अवघड करू. पहिल्या चिंचोक्याच्या अगदी वरच्या घरात दुसरा चिंचोका ठेवा आणि वरच्या ओळीच्या दुसऱ्या घरातही फुली मारा. आता दोन खोकी, दोन जागा. खालून वर ढकलून पाहा बरं! दोन्ही एकदम हलत नाहीत. मग काय करायचं? ते मी सांगणार नाही.

या साध्या खेळाला पुढे पुष्कळ भावंडं झाली. १९८९ साली आलेल्या 'चिप्स चॅलेंज'मध्ये चिप नावाचा मुलगा ठोकळा पाण्यात ढकलून स्वतःसाठी वाट तयार करतो. २००७ सालच्या 'पोर्टल'मध्ये तर आपण एका विज्ञानकथेतच शिरतो. भली मोठी प्रयोगशाळा, ती चालवणारा लबाड संगणक, आणि दार उघडण्यासाठी बटणावर नेऊन ठेवायचा जड ठोकळा! गोदाम बदललं, राखणदार बदलला. पण कुठला ठोकळा आधी न्यायचा, हा प्रश्न राहिलाच.

आणि हा प्रश्न खऱ्याखुऱ्या संगणकालाही घाम फोडतो बरं का! कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ साली गणितानं सिद्ध केलं, की सोकोबान हा संगणकाच्या दृष्टीनं अतिशय कठीण कोड्यांच्या गटात बसतो. त्याच विद्यापीठात आंद्रेआस युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांनी 'रोलिंग स्टोन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्यापुढे ९० प्रसिद्ध कोडी ठेवली. माणसांनी ती सगळी सोडवली होती, पण प्रोग्रॅमला सुटली निम्म्याहून थोडीच अधिक!

सगळी ९० कोडी सोडवणारा पहिला प्रोग्रॅम आला तो २०२० साली. यारोन शोहम यांचा 'फेस्टिव्हल'. तो नुसते धक्के मोजत बसत नाही. किती खोकी जागेवर पोचली, खोक्यांमुळे गोदामाचे किती तुकडे पडले, अशा गोष्टी तो बघतो. थोडक्यात काय, तर ढकलण्याआधी गोदामाकडे नीट पाहतो. यंत्रालाही शेवटी हेच शिकावं लागलं!

आईबाबांनाही दोन शब्द. मूल खेळता खेळता थांबलं आणि पानाकडे नुसतं टक लावून बसलं, तर "अरे, असं का करत नाहीस?" म्हणून बोट पुढे करू नका. बाहेरून काही घडत नसलं, तरी त्या वेळी त्याच्या डोक्यात खोकी सरकत असतात.

आणि दोस्तांनो, तुमचा डाव अडला तर चिंचोका रागानं फेकून देऊ नका. एवढंच विचारा, "मी नेमका कुठल्या धक्क्याला चुकलो?" तो धक्का सापडला की अर्धं कोडं सुटलंच. मग चिंचोका पुन्हा मधल्या घरात ठेवा, आणि करा सुरुवात!