समोर ताट, तरीही उपाशी

चंदेरी-पांढरे अंग, त्यावर तांबूस-नारिंगी रंगाचे उभे पट्टे, पाठीच्या परावर डोळ्यासारखा काळा ठिपका आणि चिमट्यासारखे लांब तोंड. दुकानातील काचेआड फिरणारा 'कॉपरबँड बटरफ्लाय' मासा पाहून हौशी मत्स्यपालकाचा हात खिशाकडे गेला नाही, असे क्वचितच घडते. मासा घरी येतो, खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला जातो आणि वरून दाणे टाकले जातात. इतर मासे त्यावर तुटून पडतात. हा मात्र दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. दिवसांमागून दिवस जातात, पोट खपाटीला जाते आणि एके सकाळी अन्नाने भरलेल्या टाकीतच हा देखणा मासा उपासमारीने मेलेला आढळतो.

'मासा फार हट्टी होता', असे म्हणून पालक स्वतःचे समाधान करून घेतो. प्रत्यक्षात हा हट्ट नसतो. समोर टाकलेला पदार्थ खाण्याचा आहे, हेच त्या माशाला उमगलेले नसते.

हट्ट नव्हे, सवय

'केल्मॉन रॉस्ट्रेटस' हे या माशाचे शास्त्रीय नाव. त्यातील 'रॉस्ट्रेटस' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'चोच असलेला'. अंदमानच्या समुद्रापासून जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापर्यंत प्रवाळांच्या आसपास तो आढळतो. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी सुमारे २० सेंटीमीटर होते. खडकांच्या फटींत चोच घालून लहान कृमी, बारीक कवचधारी जीव आणि समुद्रफुलांचे तुकडे टिपणे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारा कोरडा दाणा त्याने समुद्रात कधी पाहिलेलाच नसतो. बाजारात येणारे बहुतांश कॉपरबँड समुद्रातूनच पकडलेले असतात. प्रवासाचा ताण आणि वाटेतील उपवास सोसून ते टाकीत पोहोचतात, तेव्हा अंगातील चरबीचा साठा आधीच घटलेला असतो. म्हणूनच पहिले दोन आठवडे निर्णायक ठरतात.

सुरुवात दुकानातूनच

खरेदीपूर्वी दुकानदाराला मासा खाताना दाखवण्यास सांगावे. जो दुकानात खात नाही, तो घरी खाईलच याची शाश्वती नसते. डोक्यामागचा भाग खोलगट दिसत असेल किंवा पोट आत गेले असेल, तर मोह आवरावा.

घरी आणल्यावर त्याला थेट मोठ्या टाकीत न सोडता काही आठवडे वेगळ्या, शांत टाकीत ठेवणे श्रेयस्कर. प्रकाश मंद असावा आणि लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा किंवा खडक असावा. टँग, डॅमसेल यांसारखे चपळ व भांडखोर मासे सोबत असले, तर हा बुजरा मासा घासापर्यंत पोहोचतच नाही.

ताट तेच, वाढप वेगळे

पहिला घास हलता असावा. जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीसदृश जीव, बहुतेक कॉपरबँडचे लक्ष वेधून घेतात. आर्टेमियाची अंडी खारट, उबदार पाण्यात हवा सोडून ठेवली, तर साधारण २४ ते ३६ तासांत पिले बाहेर पडतात.

दुसरा उपाय मासळी बाजारात मिळतो. ताज्या तिसऱ्या स्वच्छ धुऊन, उघडून, मांसासह अर्धी शिंपली खडकाच्या फटीत ठेवावी. फटीतील मऊ मांस चोचीने ओढून खाणे ही या माशाची निसर्गदत्त रीत असल्याने दाण्याकडे पाठ फिरवणारा मासाही शिंपलीजवळ रेंगाळू लागतो.

तो शिंपलीला सरावला, की खरी युक्ती सुरू होते. शिंपली तीच ठेवायची. आतील पदार्थ हळूहळू बदलायचा. आधी तिसऱ्यांच्या मांसात थोडे गोठवलेले मायसिस, म्हणजे आणखी एक बारीक कोळंबीसदृश जीव, मिसळावे. काही दिवसांनी मायसिसचे प्रमाण वाढवावे. मग बारीक चिरलेली कच्ची कोळंबी किंवा माकूल घालावे. पुढे हेच पदार्थ ड्रॉपरने खडकाजवळ सोडावेत. दाण्यांची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि काही कॉपरबँड ते कधीच स्वीकारत नाहीत. गोठवलेले अन्न टाकीतील थोड्या पाण्यात वितळवून, गाळून मगच द्यावे.

अनेक हौशी मत्स्यपालक अन्नावर लसणाचा रस चोळतात. त्या वासाने काही मासे घासाजवळ येतात, असा त्यांचा अनुभव आहे; मात्र लसूण हे आजारावरील औषध नव्हे.

एकाच पदार्थावर भागत नाही

मासा एकदा आर्टेमिया खाऊ लागला, की पालक निर्धास्त होतो. दुसरी चूक घडते ती येथेच. पूर्ण वाढलेल्या आर्टेमियात समुद्री माशांना आवश्यक असलेली ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ले फारच कमी असतात, आणि ही आम्ले समुद्री मासे स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करू शकत नाहीत. केवळ तिसऱ्यांवर भिस्त ठेवणेही धोक्याचे. काही कच्च्या शिंपल्यांत आणि माशांत 'थायमिनेज' हे विकर असते व ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. त्यामुळे पोट भरूनही मासा कुपोषित राहू शकतो. मायसिस, कोळंबी, तिसऱ्या आणि पोषक द्रव्ये भरवलेले आर्टेमिया आलटून-पालटून देणे, हाच त्यावरील उपाय.

दिवसभर टिपत राहणाऱ्या या माशाला एकदाच भरपूर देण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. उरलेली शिंपली तास-दोन तासांत काढून टाकावी. ती कुजली, तर पाण्यातील अमोनिया वाढतो आणि ज्याची भूक वाढवायची, त्याचीच भूक मरते.

'आयप्टेशिया' या उपद्रवी समुद्रफुलांचा बंदोबस्त करण्यासाठीही अनेकजण हा मासा आणतात. काही कॉपरबँड ती चवीने खातात, काही तोंडही लावत नाहीत. आणि खाणाऱ्यांनाही ती फुले संपल्यावर दुसरे अन्न लागतेच.

हे सारे 'पी हळद आणि हो गोरी' या थाटाचे काम नव्हे. रोज शिंपली उघडण्याची आणि काही आठवडे धीर धरण्याची तयारी नसेल, तर सहज दाणे खाणारा क्लाउनफिश बरा. कॉपरबँडचे सौंदर्य विकत घेता येते. त्याची भूक मात्र समजूनच घ्यावी लागते.