माशी, लंपी आणि आपला बाजार

गुरांचा बाजार बंद पडला की फक्त शेतकरी आणि दलाल बसून राहतात असे नाही. शिरूर कासारसारख्या गावात बैल विकून आलेल्या पैशातूनच लुगडी, धोतरे, पोरांचे कपडे घेतले जातात. सप्टेंबर 2022 मध्ये लंपी रोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हा माझ्या कापड दुकानाचा गल्लाही थंडावला. दोर-घुंगरू विकणारे, नालबंद, टेम्पोवाले, सर्वांचीच रोजी अडली. म्हणून हा रोग कसा पसरतो, हे आपणही समजून घ्यावे.

लंपी हा देवीच्या जातीच्या विषाणूचा रोग. 1929 साली तो आफ्रिकेत झांबियात प्रथम दिसला. भारतात 2019 साली ओडिशात आढळला आणि ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रभर फैलावला. जनावराला ताप येतो, अंगावर गाठी उठतात, दूध आटते, कातडे खराब होऊन त्याची किंमत जाते.

गोठ्यातली चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच. पण तिच्या तोंडाला सुईसारखी सोंड असते. ती आजारी गाईचे रक्त पिऊ लागते, गाय शेपटी मारते, अर्धपोटी माशी उठून शेजारच्या बैलाला चावते. सोंडेला लागलेला विषाणू तेथे टोचला जातो. तो माशीच्या पोटात वाढत नाही. माशी फक्त हमाल. डास आणि गोचीडही हीच हमाली करतात. मात्र लांबच्या गावी रोग पोचवतो तो बहुधा आजारी जनावर नेणारा आपला टेम्पो.

ही माशी ओल्या शेणात, कुजक्या कडब्यात अंडी घालते. तेव्हा शेण साचू देऊ नये, उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवावा. लिंबाच्या पाल्याचा धूर तेवढ्यापुरताच. विकत आणलेले जनावर चार आठवडे वेगळे बांधावे, गाडी प्रत्येक खेपेनंतर धुवावी, लस वेळेवर टोचून घ्यावी.

लंपी माणसाला होत नाही. तो गाई-बैलांचा रोग, म्हशींना कमी होतो. शेळ्यांच्या व्यापाऱ्यांनी त्याची फिकीर करू नये.

2022 मध्ये सरकारने मृत गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये मदत दिली. पण बुडालेल्या बाजाराची भरपाई कोणी देत नाही. गोठा झाडण्याला मात्र पैसा लागत नाही.