पाणगवतांतील मरळ आणि गळाची काठी

शेतीस पाण्याची जोड मिळाली म्हणजे त्या पाण्याबरोबर मासळीही येते. ओझर व भोंवतालच्या गांवांस हा अनुभव चांगलाच आहे. वाघाड धरणाच्या कालव्यावर बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या खटपटीनें १९९१ सालीं येथें महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था कामास लागल्या. त्यांच्या लाभक्षेत्रांत ओढ्यानाल्यांवरील बंधारे भरून घेण्याची रीत पडली, आणि द्राक्षबागांच्या आधारासाठीं जागोजागीं शेततळींही झालीं. जेथें पाणी टिकतें तेथें कांठाला लव्हाळा व पाणकणीस वाढतें, तळाशीं शेवाळ धरतें, आणि अशा आडोशांत मरळ मासा घर करतो.

फावल्या वेळीं गळ टाकणारे शेतकरी आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कित्येक आतां वेळूची काठी सोडून दुकानांतील काठी घेतात. परंतु ती घेतांना “मासा मोठा, म्हणून काठी जाड” एवढाच हिशेब करतात. हा हिशेब अपुरा आहे. मरळासाठीं काठी निवडतांना माशाच्या वजनाआधीं गळाचें वजन, आंकड्याच्या तारेची जाडी आणि गवताचा दाटपणा या तीन गोष्टींचा विचार करावा, असें आमचें सांगणें आहे. तो कसा करावा, हें या लेखांत देत आहों.

प्रथम माशाची खोड पाहूं. मरळ हा भक्षक आहे. लहान मासे, बेडूक व पाण्यांतील किडे हें त्याचें खाद्य. पाण्यांत विरलेल्या प्राणवायूवर त्याचें भागत नाहीं. मधून मधून वर येऊन तो हवेचा घोट घेतो, आणि म्हणूनच इतर मासे गुदमरतील अशा गवताळ, सांचलेल्या पाण्यांतही तग धरतो. तो गवतांत दबा धरून बसतो, भक्ष्य जवळून गेलें कीं झडप घालतो, आणि घांस तोंडांत येतांच पुन्हा गवतांत शिरूं पाहतो. त्याचें तोंड हाडाचें व दांत तीक्ष्ण असतात.

अमेरिकेंतील बास हा मासा मरळाच्या कुळांतला नव्हे, पण गवतांत दबा धरण्याची खोड तीच. त्याच्यासाठीं तिकडे झालरीचा एक गळ प्रचारांत आहे. तो मरळासही चालतो. त्याचें डोकें शिशाचें व पुढें निमुळतें असतें, आंकड्याभोंवतीं रबरी तंतूंची झालर असते, आणि आंकड्याच्या टोंकापुढें राठ केसांचा एक झुबका असतो. तो गवत बाजूस सारतो. हा गळ तळाशीं टाकून बसावयाचें नसतें. तो दूर फेंकून, दोरी सतत गुंडाळीत, लहान मासा पोहत जावा तसा गवताच्या कडेकडेनें ओढावयाचा असतो. त्याचें वजन बहुधा पाव ते अर्धा औंस, म्हणजे सुमारें ७ ते १४ ग्रॅम असतें. येथें एक मर्यादा सांगितली पाहिजे. विरळ लव्हाळा किंवा गवताची कड येथें हा गळ उत्तम चालतो; जलपर्णीचा सलग थर पसरला असेल तेथें तो अडकतो.

जोर आणि वांक. काठीचे हे दोन गुण निरनिराळे आहेत, आणि खरेदींतील बहुतेक घोटाळा ते एकच समजल्यामुळें होतो. जोर म्हणजे काठी वांकविण्यास किती वजन लागतें तें. वांक म्हणजे ती कोठें वांकते तें. बैल हांकण्याची पराणी सगळीकडे सारखीच ताठ असते. तिनें दहा ग्रॅमचा गळ फेंकतां येणार नाहीं. निरगुडीचा ओला फोक पार मुठीपर्यंत वांकतो. त्यानें गळ फेंकला जाईल, पण मरळ गवतांतून बाहेर निघणार नाहीं. आपल्याला हवी ती काठी या दोहोंच्या मधली. तिचा शेंड्याकडील तिसरा हिस्सा लवचिक असावा, म्हणजे हलका गळ दूर जातो व माशानें घांस घेतांना त्याला ताठरपणा जाणवत नाहीं. त्याखालील भाग मात्र भक्कम असावा, म्हणजे मासा लागतांच त्याचें तोंड गवताबाहेर फिरवितां येतें. दुकानांतील काठीवर जोर “मीडियम हेवी” व वांक “मॉडरेट फास्ट” अथवा “फास्ट” असा लिहिलेला असेल, तर ती या कामास योग्य समजावी. काठीवर गळाच्या वजनाची मर्यादाही दिलेली असते. पाव ते पाऊण औंसाची मर्यादा असलेली काठी वरील सर्व गळांस पुरते.

आंकड्याची तार. तार बारीक असेल तर आंकडा थोड्या जोरानें रुततो, पण अति ताठ काठीच्या हिसक्यानें तो सरळ होतो व मासा सुटतो. तार जाड असेल तर उलट घडतें. मऊ काठीचा हिसका मरळाच्या हाडाळ तोंडांत तो रुतवूं शकत नाहीं. म्हणून बारीक तारेच्या गळास किंचित् मऊ, व जाड तारेच्या गळास ताठ काठी, असा मेळ घालावा. दाट गवतासाठीं जाड तारेचाच गळ घ्यावा.

लांबी. कांठावर उभें राहून गळ टाकणाऱ्यास सात फुटांची काठी सोयीची. ती गळ दूर टाकते, हिसका देतांना पुष्कळ दोरी एकदम आवरते, आणि कांठच्या गवतावरून दोरी उचलून धरतां येते. बंधाऱ्यावर बाभळींची दाटी असून हात मागें नेण्यास जागा नसेल, तर साडेसहा फुटांची घ्यावी. दूरचा टप्पा थोडा कमी होईल, इतकेंच.

दोरी. काठी व दोरी ही जोडी आहे. नायलॉनची दोरी ताणते, त्यामुळें हिसक्याचा कांहीं भाग वाटेंतच जिरतो. तिच्याबरोबर काठी ताठ हवी. विणलेली दोरी जवळ जवळ ताणतच नाहीं. तिच्याबरोबर काठी थोडी मऊ असली तरी चालते, किंबहुना तशीच असावी, नाहींतर आंकडा तोंड फाडून निघतो. गवतासाठीं आम्ही ३० ते ४० पौंडांची, म्हणजे सुमारें १४ ते १८ किलो ताण सोसणारी विणलेली दोरी सुचवितों. मात्र रिळाची पकड अशी ठेवावी कीं काठी मोडण्यापूर्वीं दोरी सुटूं लागेल. कमजोर दोरी वापरून ती तुटली, तर मासा तोंडांत आंकडा घेऊन गवतांत जातो व कित्येकदां तेथेंच मरतो. तो ना आपल्या ताटांत येत, ना तळ्यांत वाढत.

काठीचा पदार्थ. वेळूस कोणीं कमी लेखूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाच्या बंदुकांच्या कारागिरानें वेळूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या, आणि पुढें सहा पट्ट्यांची काठी तिकडे रूढ झाली. त्यासाठीं लागणारा वेळू हिंदुस्थानांतून जाई व “कलकत्ता” याच नांवानें ओळखला जाई. तो आपल्या रानांतील मानवेलाच्या जातीचा होय. नंतर चीनमधील वेळूनें त्याची जागा घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूच्या व १९७० नंतरच्या दशकांत कार्बनच्या काठ्या आल्या. आजही एका जागीं बसून गळ टाकावयाचा असेल तर घरच्या बेटांतील वाळलेला वेळू पुरेसा आहे. झालरीचा गळ मात्र दिवसांतून शेंकडों वेळां फेंकून ओढावा लागतो. त्यासाठीं हलकी काठी हवी. कार्बनची काठी सर्वांत हलकी असते व दोरीचा बारीक धक्काही हातास कळविते, पण आपटल्यास मोडते. कांचतंतूची काठी जड, परंतु दणकट व स्वस्त असते. नवशिक्यास ती वाईट नाहीं.

दुकानांतील परीक्षा. काठीला रीळ लावून ती हातांत धरावी. शेंडा फार जड वाटला तर ती दिवसभर पेलणार नाहीं. शेंड्याला अर्धा लिटर पाण्याची बाटली दोरीनें बांधून हलकेंच उचलावी, म्हणजे काठी कोठें वांकते तें डोळ्यांस दिसतें. प्रत्येक कडींतून कापसाचा पिळा फिरवावा. कापूस अडकला तर कडी तडकलेली आहे, व ती विणलेली दोरी कापील. दोन तुकड्यांची काठी असल्यास सांधा घट्ट बसतो कीं नाहीं तेंही पाहावें.

आतां जी गोष्ट सांगतों ती वाचकांनीं विशेष ध्यानांत धरावी. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या बंधाऱ्यांच्या व विहिरींच्या कांठीं पंपांसाठीं विजेच्या तारा गेलेल्या असतात, आणि कित्येक ठिकाणीं त्या झोल पडून खालीं आलेल्या असतात. सात फुटांची काठी हात वर करून फिरविली म्हणजे तिचें टोंक किती उंच जातें याचा अंदाज घ्यावा. उच्च दाबाच्या तारेस प्रत्यक्ष स्पर्श झाला नाहीं, तरी फार जवळ गेल्यानें वीज उडी घेते. ओला वेळू व ओली दोरी यांचाही भरंवसा नाहीं. म्हणून तारांखालीं कधींही गळ टाकूं नये, तेथून जातांना काठी आडवी धरावी, आणि वळवाचें आभाळ गडगडूं लागतांच काठी खालीं ठेवून निवारा गांठावा. मुलांस काठी देण्यापूर्वीं हें आधीं शिकवावें.

शेवटीं दोन शब्द मर्यादेचे. धरणांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी घेतल्यावांचून गळ टाकूं नये. नांदूर मध्यमेश्वर हें १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथें आपल्या गळाचें काम नाहीं. पावसाळ्यांत मरळ आपल्या पिलांची राखण करतो. तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठावर दिसला कीं खालीं राखणदार आहे असें समजावें, व त्यास सोडून द्यावें. राखण गेली तर तो थवा इतर माशांच्या तोंडीं पडतो, आणि पुढील सालीं तळें रिकामें राहतें.

सारांश, सात फूट लांब, मीडियम हेवी जोराची, शेंड्याला लवणारी व कमरेंत भक्कम अशी एकच काठी बहुतेकांस पुरेल. महाग काठीपेक्षां गळाशीं व दोरीशीं मेळ असलेली काठी अधिक मासे देते, आणि लागलेला मासा गवतांत जायबंदी होऊन राहत नाहीं. ज्या पाण्यासाठीं आपण इतकी खटपट केली, त्या पाण्यांतील जीवाविषयीं एवढी काळजी घेणें आपलें कामच आहे.