सेकंडहँड संगणकाची तक्रारवही

मुलांनो, घरातली एखादी वस्तू बंद पडली की सर्वांत आधी कोणता प्रश्न विचारला जातो, सांगा बरं? "कुणी हात लावला होता रे?" हो की नाही! वस्तूला काय झालं ते नंतर. आधी गुन्हेगार शोधायचा, आणि तो बहुतेक वेळा घरातला सगळ्यांत लहान असतो. हाच प्रश्न मीही एकदा वर्गात विचारला आणि चांगलीच तोंडावर पडले. ती गोष्ट आज तुम्हांला सांगते.

आमची शाळा दोन खोल्यांची. २०२३ साली गावाने वर्गणी काढून शाळेसाठी एक संगणक आणला. नवा नव्हे, तालुक्याच्या एका कार्यालयातून निघालेला, सेकंडहँड. डबा एका बाजूने चेपलेला, कीबोर्डवरचं एक अक्षर पुसून गेलेलं. पण आमच्या मुलांना त्याचं केवढं अप्रूप! चित्र काढायला, आपलं नाव मराठीत टाइप करायला पाळ्या लागायच्या.

२०२४ च्या जूनमध्ये सुट्टी संपून शाळा उघडली, आणि संगणक विचित्र वागू लागला. सुरू केला की पडद्यावर इंग्रजीत इशारा यायचा. एफ-१ चं बटण दाबलं की पुढे जायचा, पण तारीख दाखवायचा १ जानेवारी २०११! इंटरनेट जोडलं तर एक पान धड उघडेना, 'हे सुरक्षित नाही' अशीच पाटी. जुलैत एका सकाळी तर कहरच झाला. बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाठिक्कर, आणि डब्यातून आवाज, 'बीऽऽप... बीऽऽप...'

आदल्या दिवशी संगणक बंद करायची पाळी चौथीतल्या एका मुलाची होती. मी त्यालाच उभं केलं.

"काय केलंस तू?"

"काही नाही बाई. तुम्ही सांगितलं तसंच बंद केलं."

माझा विश्वास बसला नाही. मी त्याची पाळी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून तो संगणकाच्या कोपऱ्याकडे फिरकेना.

काकांचे तीन नियम

तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना मी फोन केला. म्हटलं, "संगणक बिघडलाय." ते हसले. म्हणाले, "बाई, डॉक्टरांकडे जाऊन 'मी आजारी आहे' एवढंच सांगता का? कुठे दुखतं, कधीपासून, आधी काय खाल्लं, हे सांगता ना? तसं सांगा."

मग त्यांनी तीन नियम सांगितले. पहिला, जे दिसतं आणि ऐकू येतं ते लिहून ठेवा. दुसरा, बाहेरून आत जा, म्हणजे आधी प्लग आणि वायरी तपासा, डबा शेवटी उघडा. तिसरा, एका वेळी एकच गोष्ट बदला.

एकच का? समजा, तुम्हांला सर्दी झाली आणि तुम्ही काढा, गोळी आणि वाफ तिन्ही एकदम घेतलं. बरं वाटलं, पण कशाने? ते कसं कळणार? संगणकाचंही तसंच आहे, बरं का!

बीप कशासाठी?

संगणक सुरू होताच आधी स्वतःची तपासणी करतो. मेमरी आहे का? कीबोर्ड जोडलाय का? जशी आमची सकाळची हजेरी! एखादा महत्त्वाचा भाग 'हजर' म्हणाला नाही, तर संगणकाला तक्रार करायची असते. पण पडद्यावर अक्षरं दाखवण्याची तयारीच अजून झालेली नसेल तर? म्हणून तो आवाज करून सांगतो. किती बीप, लांब की आखूड, याचा अर्थ बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतो.

आम्ही आधी पडद्याची वायर काढली. जुन्या पद्धतीची, निळ्या टोकाची, पंधरा पिनांची. एकही पिन वाकलेली नव्हती. परत घट्ट बसवली. फरक नाही. मग काकांना फोनवरून बीप ऐकवली. ते लगेच म्हणाले, "रॅम बघा."

रॅम म्हणजे काय? आपल्या वर्गातला फळा समजा. चालू तासाचं काम फळ्यावर होतं आणि शाळा सुटली की फळा पुसला जातो. जपून ठेवायचं ते वह्यांच्या कपाटात जातं. ते कपाट म्हणजे हार्ड डिस्क. फळाच नसेल तर बाई तास कसा घेणार? संगणकही तसाच अडून बसतो.

मी प्लग काढला, काकांनी सांगितल्याप्रमाणे डबा उघडला. आत धूळ काय विचारता! मऊ ब्रशने ती झाडली. रॅमची पट्टी कडांना धरून काढली. तिच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. त्यांवरून पेन्सिलीचं खोडरबर हलकेच फिरवलं, रबराचा चुरा झटकला आणि पट्टी 'खट्' आवाज होईपर्यंत परत बसवली. संगणक सुरू! पावसाळ्याची दमट हवा आणि धूळ यांनी वीज जायची वाट अडली होती. त्या मुलाचा त्यात काडीचा दोष नव्हता.

पण तारीख? ती अजून २०११ च होती.

वहीने सोडवलेलं कोडं

आता आम्ही एक जुनी दोनशेपानी वही घेतली. रोज लिहायचं: काल संगणक कुणी बंद केला, कसा बंद केला, आज सकाळी तारीख कोणती दिसली. कारण गंमत अशी, की ती रोज चुकत नव्हती. आज बरोबर, उद्या चूक!

दहा दिवसांनी मी ती वही वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. मागच्या बाकावरून एक हात वर आला. तोच मुलगा होता.

"बाई, ज्या दिवशी भिंतीवरचं बटण बंद केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तारीख जाते. रात्री लाइट गेले तरी जाते. बटण चालू राहिलं तर जात नाही."

मी वही पुन्हा पाहिली. अगदी खरं! मग आम्ही मुद्दाम करून पाहिलं. एका रात्री बटण चालू ठेवलं, सकाळी तारीख बरोबर. दुसऱ्या रात्री बंद केलं, सकाळी २०११.

यामागचं कारण मजेशीर आहे. संगणकात एक छोटं घड्याळ असतं आणि संगणक झोपला तरी ते चालू राहतं. त्यात स्फटिकाचा एक इवलासा तुकडा असतो. तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का? १ पासून सुरुवात करून पंधरा वेळा दुप्पट करा बरं! २, ४, ८, १६... पंधराव्या वेळी बरोबर ३२,७६८ येतील. घड्याळ हेच उलटं करतं. पंधरा वेळा निम्मं करत गेलं की उरते सेकंदाला एक टिकटिक!

भिंतीवरचं बटण चालू असेल तर या घड्याळाला तिथून थोडी वीज मिळत राहते. बटण बंद केलं की आतल्या नाण्याएवढ्या सेलवर ते चालतं. त्या सेलचं नाव सीआर २०३२. त्यातले २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. आमच्या संगणकातला सेल म्हातारा झाला होता, आणि सुट्टीभर प्लग काढून ठेवल्यामुळे उरलासुरला जीवही गेला होता.

आणि इंटरनेटची पानं का उघडत नव्हती? समजा, तुमचा एस.टी.चा पास जुलैपासूनचा आहे आणि कंडक्टरच्या कॅलेंडरवर अजून मे महिना आहे. तो म्हणेल, "हा पास चालणार नाही!" संकेतस्थळांकडेही 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं ओळखपत्र असतं. आमचा संगणक २०११ सालात बसून ते तपासत होता. मग तो कुणाला कशाला आत घेईल?

दोन-तीन वडापावांच्या किमतीत नवा सेल आला. तारीख नीट झाली, पानं उघडू लागली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वहीत स्पष्ट दिसत होतं, की भिंतीवरचं बटण आठवणीने बंद करणारा तोच एक मुलगा होता. बाकीचे विसरायचे. म्हणजे माझं ऐकलं, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा संशयात सापडत होता! मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं." तो लाजला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी संगणकापाशी हजर होता. पुढे वर्षभर ती तक्रारवही त्याच्याच ताब्यात होती.

अशीच एक प्रसिद्ध वही

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचा खोलीभर संगणक अडला. शोधता शोधता एका विजेच्या खटक्यात अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी नोंद केली. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याआधीच होती, इथे खराखुरा किडा निघाला! ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई ही गंमत पुढे नेहमी सांगत. ते पान, पतंगासकट, अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपलेलं आहे.

हे विसरू नका

● डबा उघडताना मोठं माणूस हवंच. आधी प्लग काढा आणि डब्याच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमला इजा करणार नाही.

● जिथे विजेची वायर शिरते ती आतली बंद पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असू शकते.

● पालकांनो, नाण्यासारखा सेल लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका आली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. जुन्या सेलला चिकटपट्टी गुंडाळून तो ई-कचऱ्यात द्या.

तर मुलांनो, तुमच्या घरी सायकल, मिक्सर, रेडिओ, काहीही अडलं, तर आधी वही उघडा. आणि मोठ्यांनी विचारलं, "कुणी हात लावला होता?" तर हळूच म्हणा, "आधी काय काय दिसतंय ते लिहू या का?"