कराटेचा काता: व्हिडिओ आहे की, मग पुस्तक कशाला?

गाडी चालवताना ऐकणाऱ्यांना पुस्तकांची नावं टिपून घेता येत नाहीत, म्हणून हा भाग इथे लिहूनही ठेवतोय.

सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांना कराटे शिकवतो. आमच्या सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी छोट्यांची बॅच माझ्याकडे सोपवली. म्हटलं, हेइयान शोदान तर आहे, झोपेतही येतो. अडलं तर मोबाइल आहेच.

मग बेल्टची परीक्षा आली. परीक्षकांनी एका दहा वर्षांच्या मुलीला चौथ्या हालचालीवर थांबवलं. "पुढचा पाय मागे का नाही ओढलास?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे. कारण तिला तसं मीच शिकवलं होतं. घरी येऊन तो व्हिडिओ परत लावला. उभी फ्रेम, गुडघ्याखालचं सगळं कापलेलं. पाय दिसतच नव्हते! तिला परीक्षा पुन्हा द्यावी लागली. चूक माझी, भरपाई तिची.

चौथ्या हालचालीत असतं काय?

काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं केलेल्या हालचाली. शोतोकान शैलीत हेइयान शोदानच्या हालचाली 21. तिसऱ्या हालचालीत मागे वळून उजव्या हातानं खालचा ब्लॉक. चौथ्यात उजवा पाय थोडा मागे ओढायचा, अंग जरा वर घ्यायचं, हात गोल फिरवून मूठ हातोडीसारखी खाली आणायची. याचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ असा, की कोणीतरी मनगट धरलंय आणि ते सोडवून तुम्ही उलटा फटका देताय. पाय ओढला नाही तर मनगट सुटणार कसं? म्हणजे आमची मुलं नुसता हात फिरवत होती.

चांगल्या पुस्तकात प्रत्येक हालचालीला नंबर असतो. पाय, स्टान्स, हात, दिशा हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. व्हिडिओत ही हालचाल क्षणात निघून जाते. पानावर ती थांबून राहते.

पुस्तक शोधताना पहिला गोंधळ: नावं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांसाठी इतोसू आंको यांनी पाच काता बसवले. त्यांचं नाव पिनान. पुढे जपानमध्ये फुनाकोशी गिचिन यांनी त्यांना हेइयान म्हटलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली. त्यामुळे शोतोकानचा हेइयान शोदान हा इतर शैलींतला पिनान निदान! शोतोकानवाल्यानं "पिनान शोदान" शोधलं तर हाती दुसराच काता लागेल. तसंच तेक्की आणि नाइहांची, कांकू आणि कुशांकू. म्हणून आधी आपली शैली कोणती ते सरांना विचारा, मगच सर्च करा. एक युक्ती सांगतो. हेइयान आणि पिनान जपानी लिपीत एकसारखेच लिहितात. ती दोन अक्षरं कॉपी करून शोधलं की दोन्ही नावांची जपानी पुस्तकं समोर येतात.

मग घ्यायचं कोणतं?

शोतोकानसाठी माझं बेस पुस्तक म्हणजे नाकायामा मासातोशी यांच्या 'बेस्ट कराटे' मालिकेचा पाचवा खंड. त्यात पाचही हेइयान आणि तेक्की आहेत. मालिका 11 खंडांची आहे, त्यामुळे ऑर्डर करण्याआधी खंडाचा नंबर नीट बघा. बास्साई आणि कांकू सहाव्यात आहेत. जुनी प्रतही चालते, फक्त पानं सलग आहेत ना ते तपासा. ग्रुपवर फिरणाऱ्या स्कॅनमध्ये नेमकं हवं तेच पान गायब असतं.

मुळाशी जायचं असेल तर फुनाकोशींचं 'कराटे-दो क्योहान' वाचा. मूळ पुस्तक 1935 चं, ओशिमा त्सुतोमू यांचं इंग्रजी भाषांतर 1973 चं. त्यांच्या 1922 च्या पहिल्या पुस्तकात रेखाचित्रं होती, 1925 च्या पुस्तकात फोटो आले. हवाई विद्यापीठाच्या मानोआ इथल्या लायब्ररीत कराटेच्या दुर्मीळ पुस्तकांचा संग्रह आहे, त्यातली काही ऑनलाइन बघता येतात. तिथले स्टान्स आजच्यापेक्षा उंच दिसतील. घाबरू नका, ती जुनी पद्धत आहे. ती वाचायची समजण्यासाठी. उद्याच्या परीक्षेला मात्र आपल्या क्लासची पद्धतच चालते.

पुस्तक वापरायचं कसं?

मी वहीत 21 ओळींचा तक्ता केला. रकाने: नंबर, दिशा, पाय, स्टान्स, हात, नजर. नववी आणि सतरावी हालचाल लाल पेननं, कारण तिथे किआई, म्हणजे आरोळी. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. म्हणून डावं-उजवं मी नेहमी मजकुरातून घेतो, फोटोवरून नाही.

मग तक्ता घेऊन सरांच्या घरी गेलो. दोन ठिकाणी पुस्तक वेगळं सांगत होतं आणि सर वेगळं. सर म्हणाले, "दोन्ही लिहून ठेव. शिकवताना आपलं शिकव, पण कोणी विचारलं तर फरक सांगता आला पाहिजे." आम्ही कोडमध्ये कुठला बदल कधी आणि का केला त्याची नोंद ठेवतो, हे तसंच.

एक मात्र खरं. पुस्तक वाचून काता येत नाही. तो घाम गाळून आणि सरांच्या नजरेखालीच येतो. पुस्तक आपल्याला फक्त सांगतं, की आपण काय विसरलोय.

पुढच्या परीक्षेत त्या मुलीनं चौथ्या हालचालीला पाय असा ओढला, की फरशीवर आवाज आला. पास झाली. आता तिच्या वहीतही तोच तक्ता आहे, आणि माझं काही चुकलं की ती रकाना दाखवते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत आपल्या एका कात्याचा तक्ता करून बघा. किती रकाने रिकामे राहतात ते मोजा!