‘कुणबी’ शब्दाचीही वंशावळ काढा

मराठ्यांना आरक्षणासाठी कुणबी दाखले मिळावेत म्हणून हैदराबाद गॅझेट लागू करणारा २ सप्टेंबर २०२५चा शासन निर्णय निघाल्यापासून मराठवाड्यात ‘नोंद सापडली का?’ ही चौकशी रामरामाइतकी नेहमीची झाली आहे. अहमदपूरकरांना तर तीन जिल्ह्यांचा इतिहास आठवावा लागतो. निजामाच्या राज्यात तालुका बीदरला होता, पुढे उस्मानाबादेत गेला, १९८२पासून लातुरात आहे. माणसांची वंशावळ गावसमितीपुढे जाते. ज्या शब्दापायी ही धावपळ, त्याची मात्र कोणी विचारपूस करत नाही.

‘कुण’ आणि ‘बी’ अशी फोड करून त्यात बियाणं शोधणारे बरेच भेटतात. कल्पना गोड आहे, पण पोकळ. रॅल्फ टर्नर यांचा इंडो-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश मूळ सांगतो ते संस्कृत ‘कुटुंबिन्’, म्हणजे घरधनी. प्राकृतात त्याचा ‘कुडुंबी’ झाला, मराठीत ‘कुळंबी’ आणि मग ‘कुणबी’. गुजरातेतला कणबी त्याचाच भाऊ. गुप्तकाळच्या ताम्रपटांत जमीन दान देताना गावच्या ब्राह्मणांना आणि कुटुंबींना उद्देशून आज्ञा आहे. म्हणजे घरदार, जमीनजुमला असलेला गावातला जबाबदार माणूस.

त्याच्याही मागे जायचं तर दक्षिणेकडे वळावं लागतं. तमिळमध्ये ‘कुडि’ म्हणजे घर आणि रयतही. ‘कुटुंब’ हा शब्दच द्राविडी घरातून संस्कृतात आला, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. निजामी कागदांत कुणब्याशेजारी तेलुगू ‘कापू’ दिसतो, तोही शेतकरीच.

मग घरधन्याची जात कधी झाली? महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणबी, माळी, धनगर हा फरक कामावरून पडल्याचं मांडलं. पण देहूचे तुकोबा वाण्याचा व्यवसाय करत होते आणि तरीही, देवाने आपल्याला कुणबी केलं याचं समाधान मानत होते. सतराव्या शतकात धंदा वेगळा असला तरी नाव सुटत नव्हतं, एवढं त्यावरून दिसतं.

आरक्षणाचा निवाडा व्युत्पत्तीने होत नाही, होऊही नये. तो मागासलेपणाच्या पुराव्यावरच व्हावा. पण कागदावरचा ‘कुणबी’ प्रत्येक काळात एकाच अर्थाने लिहिला गेला, हे गृहीत धरून चालणार नाही. एके ठिकाणी तो धंदा असेल, दुसरीकडे जात. नोंद वाचणाऱ्याला मोडी आणि उर्दू यायला हवी, तशीच ही जाणही हवी.